तरवडाचा तुरटपणा

नवरात्रात देशावरच्या घरांमध्ये ‘आज कितवी माळ?’ असे विचारले जाते, तेव्हा विचारणाऱ्याला खरे तर तिथी हवी असते. घटावर रोज एक माळ चढते, त्यामुळे दिवस माळांनी मोजले जातात. सोलापूर, अहिल्यानगर आणि सातारा जिल्ह्यांचा कोरडा भाग, तसेच मराठवाडा येथील अनेक गावांत ही माळ तरवडाच्या पिवळ्या फुलांची असते. ही फुले कोणी बागेत मुद्दाम लावत नाही; सकाळी मुले माळावर जातात, बांधावरून किंवा ओढ्याच्या काठावरून ओंजळभर कळ्या-फुले तोडून आणतात आणि ती दोऱ्यात ओवली जातात. याच झुडपाची साल शेकडो वर्षे कातडे कमावणाऱ्यांच्या कुंडात पडत आली आहे. ज्या समाजाने कातड्याचे काम करणाऱ्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्याच समाजाच्या देवघरात त्या कामाच्या झुडपाचे फूल मानाने बसते, ही विसंगती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

तरवडाचे उपयोग एकत्र मांडले तर ते विस्कळीत वाटतात: चामडे, दातवण, चहा, मधुमेहावरचे औषध, हिरवळीचे खत, देवीची माळ. यांपैकी बहुतेक उपयोगांच्या मुळाशी या झुडपाचा एकच गुण आहे, तो म्हणजे तुरटपणा, आणि तो गुण कोरड्या माळावर टिकून राहण्याच्या धडपडीतून आलेला आहे. तो तुरटपणा नेमका काय असतो हे समजले, की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडत जातात.

आधी झुडपाची ओळख करून घेऊ. तरवड साधारणपणे कमरेपासून डोक्याइतका उंच वाढतो आणि बुडापासून अनेक फांद्या फुटल्यामुळे घुमटाकार दिसतो. एका देठावर पर्णिकांच्या, म्हणजे संयुक्त पानातल्या छोट्या पानांच्या, 8 ते 12 जोड्या असतात आणि रात्री त्या मिटतात. ओळखीची सर्वांत पक्की खूण मात्र पानांत नसून देठाच्या बुडाशी आहे: तिथे कानाच्या पाळीसारखी दोन गोलसर हिरवी उपपर्णे असतात आणि ती झडून न जाता टिकून राहतात. शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा असे आहे आणि त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘कान असलेली’ असा होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये या वनस्पतीला बहाव्याच्या कॅसिया या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातले होते. पुढे रॉक्सबर्गने ती सेन्ना प्रजातीत मांडली, परंतु जुन्या पुस्तकांत आणि औषधांच्या डब्यांवर कॅसिया हेच नाव अजूनही दिसते. शेंग चपटी, कागदासारखी पातळ आणि बोटाएवढी लांब असते, आणि आतल्या प्रत्येक बीच्या जागी तिला फुगवटा येतो.

नावांची नातलग मंडळी मोठी आहे. तेलुगूत तंगेडू, कन्नडमध्ये तंगडी किंवा आवरिके, तमिळमध्ये आवारम, गुजरातीत आवळ, राजस्थानात आंवल आणि सिंहलीत रणवरा. संस्कृतात आवर्तकी हे नाव दिले जाते आणि त्याच्या पर्यायांत ‘चर्मरंगा’ हा शब्दही येतो, म्हणजे कातड्याशी असलेला संबंध नावातच नोंदलेला आहे. नेवासे तालुक्यातील तरवडी हे गाव, जिथून मुकुंदराव पाटलांचे ‘दीनमित्र’ हे वृत्तपत्र निघत असे, याच झुडपाची आठवण करून देते.

मराठीत मात्र एक घोटाळा नेहमी होतो. पावसाळ्यात ज्याची पालेभाजी करतात तो टाकळा, म्हणजे विदर्भ-खानदेशातला तरोटा, हा तरवड नव्हे. तो तरवडाच्याच प्रजातीतला असला, तरी गुडघाभर वाढून त्याच वर्षी मरून जाणारा आहे. रस्त्याच्या कडेला लावलेली, पिवळ्या फुलांचे घोस असलेली कासोदाची झाडेही याच प्रजातीतली, परंतु ती मोठी झाडे आहेत. पोट साफ करण्यासाठी वापरली जाणारी सोनामुखीसुद्धा याच घरातली. देठाच्या बुडाशी असलेले कान पाहिले तर चूक होत नाही.

आता माळाकडे वळू. सह्याद्री ओलांडून पूर्वेला उतरले की पाऊस झपाट्याने कमी होतो आणि दख्खनच्या मोठ्या पट्ट्यात तो वर्षाला 500 ते 700 मिलिमीटरच्या आसपास राहतो, तोही जेमतेम चार महिन्यांत. खाली मुरूम, वर वीतभर माती, आणि उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारे तापमान. अशा जागी दाट जंगल सहसा उभे राहत नाही. तिथे गवत वाढते. पवन्या, मारवेल, कुसळी अशा गवतांचे हे राज्य असून त्यात मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर आणि तरवड दिसतात. माळढोक, काळवीट, चिंकारा, लांडगा आणि खोकड यांचे जगणे या मोकळ्या जमिनीवर अवलंबून आहे. सरकारी कागदोपत्री अशा जमिनीला फार काळ ‘पडीक’ म्हटले गेले, आणि त्या एका शब्दाने गवताळ प्रदेशांचे जेवढे नुकसान केले तेवढे दुष्काळांनीही केले नसावे, असे माझे मत आहे.

या माळावर वनस्पतीपुढे दोन संकटे असतात: पाणी नाही, आणि जे काही हिरवे आहे ते खायला टपलेली तोंडे पुष्कळ आहेत. पाण्यासाठी तरवड खोल मुळे सोडतो आणि त्यामुळे गवत पिवळे पडल्यावरही तो हिरवा राहतो. परंतु सगळा माळ वाळलेला असताना हिरवे राहणे म्हणजे शेळ्या-मेंढ्यांना आमंत्रणच. तेव्हा हिरवे राहायचे असेल तर बेचव असणे भाग आहे. बाभळीने आणि बोरीने काटे घेतले. तरवडाला एकही काटा नाही, त्याने रसायने घेतली. त्याच्या सालीत आणि पाल्यात टॅनिन नावाची द्रव्ये भरपूर असतात. जनावरे तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत आणि लावले तरी चार पाने ओरबाडून पुढे जातात. याचा एक परिणाम असा, की ज्या गायरानात चराई फार झाली आहे तिथे गोड गवते संपत जातात आणि तरवड वाढत जातो. एखाद्या माळावर तरवडच तरवड दिसू लागला तर फुलांनी नटलेले ते दृश्य कितीही सुंदर असले, तरी जुन्या मेंढपाळाला त्यातून माळ थकल्याची बातमी मिळते.

टॅनिन करते काय? कच्चे केळे, सुपारी, जांभूळ किंवा हिरड्याचा तुकडा तोंडात धरला की जीभ आखडल्यासारखी होते आणि तोंड कोरडे पडते. आयुर्वेदाने सहा रसांत ज्याला कषाय म्हटले तोच हा रस. खरे पाहता ही गोड-आंबटासारखी निव्वळ चव नाही. ती बरीचशी स्पर्शाची जाणीव आहे. आपल्या लाळेत काही प्रथिने असतात आणि त्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत राहते. टॅनिनच्या मोठ्या रेणूला चहूबाजूंनी जणू हात असतात. त्या हातांनी तो एकाच वेळी अनेक प्रथिने पकडतो, त्यांची गाठ बांधतो, आणि वंगण गेल्यामुळे जीभ टाळ्याला घासू लागते. कोऱ्या चहात हा तुरटपणा जाणवतो आणि दूध घातले की तो मवाळ होतो, कारण टॅनिनला पकडण्यासाठी दुधातली प्रथिने आयतीच मिळतात आणि आपली लाळ बचावते. शेळीच्या बाबतीतही हेच घडते, फक्त ते तोंडापुरते थांबत नाही. चाऱ्यातली प्रथिने टॅनिनने बांधून टाकल्यामुळे ती पचत नाहीत, आणि पोट भरूनही अंगी लागत नाही असा चारा जनावर पुढच्या वेळी टाळते.

प्रथिनांची गाठ बांधण्याची ही करामत माणसाने फार पूर्वी ओळखली आणि ती कातड्यावर वापरली. मेलेल्या जनावराचे ओले कातडे दोन-तीन दिवसांत सडू लागते, आणि नुसते वाळवले तर ते फळीसारखे कडक होते व भिजले की पुन्हा सडते. कातड्याचा मुख्य भाग कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी विणलेला असतो आणि त्या धाग्यांच्या मधल्या जागेत पाणी असते. तिथेच जिवाणू शिरतात. टॅनिनच्या पाण्यात कातडे मुरवले की टॅनिन त्या जागेत घुसते, धाग्यांना एकमेकांशी बांधते आणि पाण्याला हुसकावून लावते. मग ते सडत नाही, भिजले तरी बिघडत नाही आणि हवे तसे वळते. या सगळ्या क्रियेला मराठीत ‘कमावणे’ असा शब्द आहे, आणि व्यायामाने घडवलेल्या शरीरालाही आपण कमावलेले शरीर म्हणतो. कच्च्या, नाशवंत गोष्टीला कष्टाने टिकाऊ करणे हा अर्थ दोन्हीकडे सारखाच आहे.

प्रत्यक्ष काम कष्टाचे आणि दुर्गंधीचे असे. कातडे आधी धुऊन चुन्याच्या निवळीत ठेवले जाई, म्हणजे केस सुटे होत. केस आणि आतल्या बाजूचे मांस खरवडून काढले की चुना धुऊन टाकायचा आणि मग कुटलेल्या सालीच्या पाण्यात कातडे घालायचे. पहिल्या कुंडात पाणी हलके, पुढच्यात अधिक कडक, असे टप्प्याटप्प्याने करावे लागे. कारण सुरुवातीलाच कडक पाणी वापरले तर बाहेरचा थर पटकन आवळून बंद होतो आणि आतला भाग कच्चा राहतो. लहान कातड्याला काही दिवस तर म्हशीच्या जाड कातड्याला कित्येक आठवडे लागत. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने ढोर समाजाने केले आणि कमावलेल्या कातड्यापासून वस्तू चांभारांनी घडवल्या.

त्या वस्तू म्हणजे केवळ वहाणा नव्हेत. विजेचे पंप आणि इंजिने येईपर्यंत दख्खनमधली विहिरीखालची बागायत मोटेवर चालत होती आणि मोट कातड्याची असे. तिचा नाडा, बैलांच्या सापत्या, चाबकाच्या वाद्या, पाणी वाहण्याच्या पखाली, तेल-तुपाचे बुधले हे सारे कमावलेल्या कातड्याचे. शेतीचा गाडा चालायचा तर दरवर्षी कातडे लागे, कातड्याला साल लागे आणि साल माळावर फुकट मिळे. तरवडाच्या वाळलेल्या सालीत साधारणपणे 15 ते 20 टक्के टॅनिन असते. बाभळीच्या सालीतही ते भरपूर असते, परंतु बाभूळ जाड सालीची होईपर्यंत काही वर्षे थांबावे लागते आणि साल काढायची म्हणजे बहुधा झाड तोडावे लागते. तरवडाचे मात्र फोक छाटून साल सोलली तरी बुडखा जिवंत राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा धुमारे फुटतात.

सालीच्या गुणांतही फरक आहे. बाभळीने कमावलेले कातडे गडद आणि भरीव होते, म्हणून ते तळव्यांना आणि मोटेला चांगले. तरवडाचे टॅनिन कातड्यात लवकर शिरते आणि फिक्या रंगाचे, मऊ, लवचीक कातडे देते. त्याचा दोष एवढाच की उजेड लागला की ते तांबूस पडत जाते. म्हणून जाणकार कारागीर शेवटी ते हिरड्याच्या पाण्यातून काढत. सर्वसाधारणपणे उत्तर हिंदुस्थानात बाभूळ आणि दक्षिणेत तरवड अशी या धंद्याची वाटणी होती, आणि महाराष्ट्र मध्ये असल्यामुळे इथे दोन्ही साली वापरात राहिल्या.

या वाटणीवरून राजस्थानातली एक ऐतिहासिक कथा आठवते. 1453 च्या सुमारास मेवाडचा राणा कुंभा आणि मारवाडचा राव जोधा यांच्यात समेट झाला आणि सीमा ठरवताना झुडपांनाच खुणेचे दगड मानले गेले, असे तिथली परंपरा सांगते: जिथे आंवल वाढते ते मेवाड आणि जिथे बावळ वाढते ते मारवाड. आंवल म्हणजे आपला तरवड आणि बावळ म्हणजे बाभूळ. हा समेट ‘आंवल-बांवल की संधि’ या नावानेच ओळखला जातो. अशी सीमा वरवर भाबडी वाटते. पण जमीन आणि पाऊस बदलले की झुडपे बदलतात, आणि ती कोणा राजाच्या सोयीने रातोरात उपटून दुसरीकडे रोवता येत नाहीत, हे त्या काळच्या माणसांना चांगले ठाऊक असणार.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मद्रास इलाख्यात तरवडाच्या सालीवर मोठा निर्यात-व्यवसाय उभा राहिला. तिथे कमावलेली गाई-वासरांची आणि शेळ्या-मेंढ्यांची कातडी ‘ईस्ट इंडिया’ या नावाने लंडनच्या बाजारात विकली जात, आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या बुटांसाठी या मालाला फार मोठी मागणी आली. या धंद्याला उतरती कळा दोन बाजूंनी लागली. दक्षिण आफ्रिकेतून येणारी वॅटल झाडाची साल अधिक टॅनिन देणारी आणि ठोक भावात मिळणारी होती, त्यामुळे तिने तरवडाची जागा घेतली. दुसरीकडे क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत आली आणि आठवड्यांचे काम एक-दोन दिवसांवर आले. क्रोमियमने वेळ वाचवला, पण कारखान्यांच्या सांडपाण्याचा जो प्रश्न त्याने मागे ठेवला तो अजून सुटलेला नाही, आणि म्हणूनच वनस्पतिजन्य कमावणीकडे पुन्हा थोडे लक्ष वळले आहे. असे असले तरी तरवडाचा तो जुना काळ परत येईल असे मानण्यात अर्थ नाही. सध्याच्या मागणीच्या प्रमाणात साल काढायची ठरवली तर उरलेसुरले माळ सोलून निघतील.

आता फुलांकडे येऊ. तरवड थोडाफार वर्षभर फुलतो, परंतु त्याचा खरा बहर श्रावण-भाद्रपदापासून पुढे, पाऊस ओसरू लागला की येतो. आश्विनात देशावर दुसरी फुले नसतात असे नाही. शेतात कारळा पिवळा झालेला असतो आणि त्याच्याही माळा होतात. पण खरीप हातचा गेला, कारळा पेरलाच नाही, तरी तरवड फुलतोच. दुष्काळी भागात देवीच्या माळेसाठी हमखास मिळणारे फूल हवे असेल तर ते खोल मुळांच्या झुडपाचेच असणार. माळेसाठी तरवडाची निवड श्रद्धेने झाली असे आपण म्हणतो, पण त्या श्रद्धेला पर्जन्यछायेचा भूगोल पोषक ठरला, हेही तितकेच खरे आहे. ‘तो माळ’ आणि ‘ती माळ’ हे दोन शब्द मराठीत केवळ योगायोगाने एकसारखे झाले असावेत, पण तरवडाच्या बाबतीत तो योगायोग छान जमून आला आहे.

याच दिवसांत सीमेपलीकडे तेलंगणात बतुकम्मा हा सण असतो. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस बायका ताटात फुलांचे थर रचून निमुळता मनोरा करतात, त्याभोवती फेर धरून गातात आणि शेवटी तो तळ्यात सोडतात. त्या मनोऱ्यात तंगेडू, म्हणजे तरवड, हवाच. त्याच्या जोडीला कुरडूची फुले असतात. तेलंगण राज्य 2014 मध्ये स्थापन झाले तेव्हा राज्याचे फूल म्हणून तंगेडूचीच निवड झाली. सोलापुरात विणकामासाठी येऊन स्थायिक झालेला तेलुगू पद्मशाली समाजही बतुकम्मा मांडतो, त्यामुळे त्या एका शहरात एकाच पंधरवड्यात हे फूल घटावर माळ होऊन लटकते आणि बतुकम्मेत थर होऊन बसते. तमिळनाडूच्या कोंगू भागात पोंगलच्या आदल्या दिवशी घराच्या वळचणीला कडुनिंबाचा पाला आणि कपूरमाधुरीच्या तुऱ्यांबरोबर आवारमची फुले बांधतात. दख्खनच्या तीन भाषांनी आपापले सण वेगळे ठेवले आणि फूल मात्र एकच घेतले.

फुलाची रचनाही सावकाश पाहण्यासारखी आहे. पाच पिवळ्या पाकळ्या, त्यांवर नारिंगी शिरा, आणि मध्ये दहा पुंकेसर, पण ते सारखे नाहीत. वरचे तीन खुरटे आणि वांझ असतात, मधले आखूड असतात आणि खालचे लांब व वाकडे असतात. या फुलात मध नसतो. भेटीला येणाऱ्या कीटकाला देण्यासारखे फक्त परागकण आहेत, आणि तेही उघड्यावर ठेवलेले नाहीत. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असते आणि मिठाच्या डबीतून मीठ काढावे तसे परागकण झटकून काढावे लागतात. काळा मोठा भुंगा फुलाला बिलगून पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, त्या कंपनाने परागकण उडतात, आणि आपल्याला त्याच्या गुणगुणण्याचा सूर एकदम चढल्यासारखा ऐकू येतो. आखूड पुंकेसरांतले परागकण तो खाण्यासाठी गोळा करतो, तर लांब पुंकेसर त्याच्या अंगावर जिथे त्याचे पाय पोहोचत नाहीत अशा जागी परागकण उडवतात, आणि पुढच्या फुलाचा लांब, वाकडा स्त्रीकेसर नेमका तिथेच टेकतो. आपल्या नेहमीच्या मधमाशीला असे थरथरवणे जमत नाही. मध नसला तरी गोड रस मात्र आहे, पण तो पानांवर, पर्णिकांच्या जोड्यांमध्ये असलेल्या बारीक ग्रंथींत. त्यासाठी मुंग्या येतात आणि त्यांच्या वर्दळीमुळे पाने खाणाऱ्या किड्यांना थोडा धाक बसतो. तरीही काही फिकट पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या या प्रजातीच्या पाल्यावरच वाढतात. प्रत्येक तटबंदीला कोणीतरी वाट काढणारा भेटतोच.

औषधी उपयोगांबद्दल लिहिताना जपून लिहावे लागते, कारण याच ठिकाणी ऐकीव माहितीला सर्वाधिक ऊत येतो. तरवडाच्या काडीचे दातवण करतात. त्याचे कारण वर सांगितलेले प्रथिने आवळण्याचे तत्त्वच आहे, कारण सैल, सुजलेल्या हिरड्यांना तुरट रसाने आवळल्यासारखे वाटते. सालीचा काढा जुलाबावर आणि घसा बसल्यावर गुळण्यांसाठी वापरला गेला, तोही त्याच गुणामुळे. पाला मात्र, सोनामुखीचा भाऊबंद असल्यामुळे, परंपरेत सौम्य सारक मानला जातो. म्हणजे एकाच झुडपाची साल पोट आवळते आणि पाला ते सैल करतो. ‘तरवड पोटाला चांगला’ एवढ्याच वाक्याने म्हणूनच काही कळत नाही. तमिळनाडूत वाटसरू आणि शेतमजूर भर उन्हात पाला डोक्याला बांधतात, फुलांची पूड डाळीच्या पिठात मिसळून अंगाला लावतात, आणि फुलांची भाजीही करतात. ‘आवारम फुललेला असताना कोणी मरताना पाहिला आहे का?’ अशा अर्थाची म्हण तमिळमध्ये प्रसिद्ध आहे. म्हणींना अतिशयोक्ती माफ असते. औषधाच्या जाहिरातींना ती माफ नसावी.

सर्वांत मोठा दावा मधुमेहाबद्दलचा आहे. ‘सिद्ध’ या तमिळ पारंपरिक वैद्यकात पान, फूल, साल, मूळ आणि बी या पाचही अंगांचे चूर्ण मधुमेहात देण्याची परंपरा आहे, श्रीलंकेत रणवराचा चहा घरोघरी प्यायला जातो, आणि आता आपल्याकडेही वाळवलेल्या फुलांची पाकिटे विकली जातात. प्रयोगशाळेत याला काही आधार मिळाला आहे: 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मधुमेह निर्माण केलेल्या उंदरांना फुलांचा अर्क 30 दिवस दिल्यावर त्यांची रक्तशर्करा उतरलेली आढळली. परंतु उंदराला मोजून दिलेला अर्क आणि माणसाने अंदाजाने उकळलेला चहा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या बाजूला, श्रीलंकेतील संशोधकांनी 1981 मध्ये या वनस्पतीत यकृताला अपाय करणाऱ्या गटातील अल्कलॉइडे आढळल्याचे नोंदवले, आणि पुढे उंदरांवरच्याच एका प्रयोगात हा चहा दिल्यावर अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) एका औषधाचे, कार्बामाझेपिनचे, रक्तातील प्रमाण वाढलेले दिसले. याचा व्यावहारिक अर्थ असा, की जो मनुष्य आधीच मधुमेहाच्या किंवा अपस्माराच्या गोळ्या घेतो, त्याने हा चहा निरुपद्रवी समजून रोज सुरू करू नये आणि सुरू करायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून करावा. गर्भवतींनी तर टाळावाच. सणाच्या दिवशी भाजीत पडलेल्या चार फुलांनी काही बिघडत नाही. बियांची पूड डोळे आल्यावर डोळ्यांत घालण्याची जुनी रीत मात्र आज कोणीही करू नये.

शेतीतला उपयोग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. दक्षिणेत भाताच्या चिखलात तरवडाचा पाला तुडवून हिरवळीचे खत करतात आणि चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेल्या, जमिनी सुधारण्यासाठीही तो वापरला गेला आहे. हा शेंगा धरणारा असल्यामुळे हरभऱ्या-तुरीप्रमाणे याच्या मुळांवरही नत्राच्या गाठी असतील असा समज सहज होतो, पण या प्रजातीतल्या वनस्पतींच्या मुळांवर तशा गाठी सहसा नसतात. खत म्हणून जो फायदा होतो तो पाल्यातल्या अन्नांशाचा. मुळे मात्र बांध धरून ठेवतात.

माळ कमी होत चालले आहेत. काही नांगराखाली गेले, काही प्लॉटिंगखाली, आणि काहींवर ‘हिरवळ वाढवण्यासाठी’ गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे ओळीने लावली गेली. त्या खड्ड्यांसाठी गवत आणि तरवड दोन्ही उपटले गेले, आणि सावली झाल्यावर ती दोन्ही परत उगवली नाहीत. तरवडाचे झुडूप आज दुर्मीळ मुळीच नाही, पण शहरालगतच्या गावांत माळेची फुले आता बाजारातून विकत आणावी लागतात.

ज्यांच्या बांधावर किंवा अंगणात जागा आहे त्यांना तरवड सहज लावता येतो. फाल्गुन-चैत्रात शेंगा तपकिरी होऊन खुळखुळू लागल्या की त्या तोडून बी काढावे. बीचे कवच कठीण असते, म्हणून पेरण्यापूर्वी ते खरखरीत दगडावर हलके घासावे किंवा उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर तसेच ठेवावे. फुगलेले बी पहिल्या पावसानंतर थेट जागेवरच टोचावे, कारण मूळ लवकर खोल जाते आणि नंतर रोप हलवलेले त्याला मानवत नाही. जागा उन्हाची आणि निचऱ्याची असावी. पहिला उन्हाळा निभेपर्यंत आठवड्यातून एखादा तांब्या पाणी द्यावे, आणि पुढे पाण्याचे काम त्याच्या मुळांवर सोडावे. शेळ्यांपासून कुंपण घालण्याची फारशी गरज पडत नाही.